रोहिणीचे पाणी आणि ‘शांततेची कार्यसूची’

दिनांक ३१ जानेवारी १९९२ रोजी सुरक्षा परिषदेची बैठक प्रथमच राष्ट्रप्रमुखांच्या पातळीवर भरली आणि तिने संयुक्त राष्ट्रसंघाचे तत्कालीन सरचिटणीस बुत्रोस बुत्रोस-घाली यांच्याकडे एक अहवाल मागितला. त्याच वर्षीच्या जूनमध्ये ‘शांततेची कार्यसूची’ सिद्ध झाली. आंतरराष्ट्रीय सहकार्याविषयी आजही जे लिहिले-बोलले जाते, त्याची परिभाषा बव्हंशी येथूनच आली आहे. प्रतिबंधक राजनय, शांतता-प्रस्थापना, शांतिरक्षण आणि संघर्षोत्तर शांतता-उभारणी या चार कार्यांची त्यात मांडणी आहे. पेटलेले युद्ध विझविण्यापेक्षा ते पेटूच न देणे श्रेयस्कर, हे राष्ट्रसंघाच्या दफ्तरी इतक्या स्पष्टपणे नोंदविले गेले, याचे श्रेय त्या दस्तऐवजास दिलेच पाहिजे.

परंतु त्याचे गृहीतक तपासावयास हवे. ‘पूर्वसूचने’वर त्याचा मोठा भर आहे, जणू धोक्याची वार्ता वेळेवर कळली की जग धावून येईल! रवांडाने हे गृहीतक दोन वर्षांत खोटे ठरविले. तेथील शांतिसेनेचे प्रमुख जनरल रोमिओ डालेअर यांनी ११ जानेवारी १९९४ रोजी न्यूयॉर्कला तार केली, शस्त्रसाठ्यांची व तुत्सींच्या संहाराच्या तयारीची माहिती कळविली आणि शस्त्रे जप्त करण्याचा मनोदय सांगितला. मुख्यालयाने त्यांना रोखले. एप्रिलमध्ये हत्याकांड सुरू झाले; २१ एप्रिलला सुरक्षा परिषदेने सुमारे २,५०० सैनिकांचे ते दल २७० वर आणण्याचा ठराव केला. सुमारे १०० दिवसांत ८ लाख माणसे मारली गेली. ज्या राजवटीने हा संहार चालविला, तिचा प्रतिनिधी त्या वर्षी सुरक्षा परिषदेचा सदस्य म्हणून त्याच मेजाभोवती बसलेला होता. वार्तेचा अभाव नव्हता. वार्ता ऐकणाऱ्यावर काही करण्याचे बंधन नव्हते.

येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथातील रोहिणी-प्रकरण पुन्हा वाचावेसे वाटते. वृद्ध, रोगी व प्रेत पाहून गृहत्याग, ही परंपरागत कथा बाबासाहेबांनी नाकारली आणि त्या जागी शाक्य व कोलिय यांच्यातील पाण्याचा तंटा ठेवला. शाक्यांचे दोन, कोलियांचे दोन आणि या चौघांनी निवडलेला पाचवा, अशा पंचांनी निवाडा करावा, ही सिद्धार्थाची सूचना शाक्य संघाने बहुमताने फेटाळली. हे प्रकरण केवळ त्यागाची कथा म्हणून वाचण्याची आपली सवय आहे. त्यात राज्यशास्त्र आहे, हे सहसा लक्षात घेतले जात नाही. दोन्ही पक्षांचे प्रतिनिधी समान आहेत. निर्णायक पाचवा कोणा बलाढ्याने लादलेला नाही. पाच स्थायी सदस्यांच्या नकाराधिकारावर उभ्या असलेल्या परिषदेशी याची तुलना केली की अंतर ध्यानात येते.

याहून महत्त्वाचा भाग पुढे येतो. सिद्धार्थ निघून गेल्यावर शाक्यांमध्ये स्त्री-पुरुष व मुलामुलींनी युद्धाविरुद्ध मिरवणुका काढल्या. परिणामी संघाला पुन्हा बैठक घ्यावी लागली, बहुमत पालटले, आणि उभय पक्षांनी एक कायमचे लवाद मंडळ नेमून त्याचा निर्णय बंधनकारक मानला. म्हणजे संघाचे मत बदलले ते नव्या माहितीमुळे नव्हे. रस्त्यावर उतरलेल्या लोकांमुळे.

राष्ट्रसंघाने २० डिसेंबर २००५ रोजी शांतता-उभारणी आयोग स्थापिला. त्याचे ३१ सदस्य एकमताने निर्णय घेतात, आणि ते निर्णयही सल्ल्याच्या स्वरूपाचे असतात. आरंभी त्याच्यापुढे आले ते बुरुंडी आणि सिएरा लिओन; दोन्ही देश यादवीतून होरपळून निघालेले. प्रतिबंधाचे काम पुन्हा मागेच राहिले. १९९२ च्या दस्तऐवजात अखेरीस वृत्तपत्रे, विद्यासंस्था आणि सर्वसामान्य जनता यांनाही सहभागाचे आवाहन आहे, हे खरे. पण त्या जनतेने कोणत्या दारावर थाप मारावी आणि ते दार उघडणे कोणावर बंधनकारक असावे, याविषयी त्यात एकही कलम नाही.