चौकटीबाहेरचं चितळ

जानेवारी 2020 मधला तो व्हिडिओ अनेकांना आठवत असेल. तुमसर तालुक्यातलं शेत, ओरडणारा जमाव आणि वाघाच्या पुढ्यात निपचित पडलेला एक माणूस. त्याने मेल्याचं सोंग घेतलं, लोकांनी गिल्ला केला, वाघ त्याला सोडून निघून गेला आणि माणूस वाचला. मोबाइल धरणारा हात थरथरतोय, वाघ मधूनच चौकटीबाहेर जातोय. छायाचित्रणाच्या कुठल्याही स्पर्धेत हा तुकडा पहिल्याच फेरीत बाद झाला असता. तरीही भंडारा जिल्ह्यातून बाहेर गेलेल्या, भक्षक आणि भक्ष्य दोघेही दिसणाऱ्या प्रतिमांमध्ये याच्याइतकी पाहिली गेलेली दुसरी मला आठवत नाही. कोण कोणाला भ्यालंय हे त्यात शेवटपर्यंत कळत नाही, आणि मला तरी त्याची ताकद तिथेच वाटते.

आता याच मुलखातली ‘चांगली’ छायाचित्रं शेजारी ठेवा. उमरेड-पवनी-कऱ्हांडला, कोका, नागझिरा. रस्त्यावरून सरळ आपल्याकडे चालत येणारा वाघ. जिप्सीतल्या भाषेत ‘हेड-ऑन’. पाठीमागे हिरवा किंवा पिवळा धूसर पडदा, डोळ्यांत सुईच्या टोकाएवढा प्रकाश. तांत्रिकदृष्ट्या निर्दोष. अशी पन्नास छायाचित्रं ओळीने पाहिली की पट्ट्यांखेरीज एकात दुसऱ्यापेक्षा वेगळं काही सापडत नाही. वाघ कुठे निघाला होता, त्याचं पोट भरलेलं होतं की खपाटीला गेलं होतं, त्याला पाहून कोण पळालं, यातलं काहीच त्यात नसतं.

ही गोडी लागली ती ‘जय’पासून, असं मला वाटतं. 2013 मध्ये नागझिऱ्यातून निघून तो उमरेड-कऱ्हांडल्यात आला. पवनी तालुक्यातलं रान त्याच्या फिरतीत होतं. ‘शोले’तल्या नायकाचं नाव मिळालेल्या या धिप्पाड वाघाने आदल्याच वर्षी जाहीर झालेल्या अभयारण्याला गर्दी मिळवून दिली. एप्रिल 2016 नंतर तो बेपत्ता झाला तेव्हा त्याची छायाचित्रं हजारोंनी होती, बहुतेक सगळी चेहऱ्याची. इतक्या मोठ्या देहाला रोज काय लागत होतं, ते त्याने कसं मिळवलं, हे सांगणारी चित्रं शोधायला गेलं तर हाती फारसं येत नाही. नटाचे फोटो काढावेत तसे आपण वाघाचे काढले.

31 डिसेंबर 2024 ला याच अभयारण्याच्या गोठणगाव भागात एफ-2 वाघीण आणि तिचे पाच बछडे सफारीच्या गाड्यांमध्ये अडकले. त्याचीही चित्रफीत निघाली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, चालक-गाइडांवर कारवाई झाली. त्या चित्रफितीत मला खटकलं ते वेगळंच. वाघीण समोर होती, पण घेरलं गेलेलं जनावर तीच होती, आणि हे तिच्यावर लेन्स रोखलेल्या कोणाच्या ध्यानातही आलं नसावं.

दोष सगळा हौशी लोकांचा नाही, थोडा यंत्राचाही आहे. 600 मिमीची लेन्स, छिद्र एफ-4 वर उघडं आणि जनावर पन्नास मीटरवर असेल तर स्पष्ट दिसणारी पट्टी जेमतेम दीड मीटर जाडीची असते. वाघाच्या मागे दहा मीटरवर शेपूट उभारून, पुढचा पाय आपटत इशारा देणारं चितळ असलं, तरी ते धूसरच उमटतं. त्यात नव्या मिररलेस कॅमेऱ्यांनी प्राण्याचा डोळा आपोआप शोधायची सोय आणली. ही सोय उत्तम आहे, मीही वापरतो. पण ती एकच डोळा निवडते, आणि सहसा मोठा, जवळचा. दोन जनावरांमधलं नातं पकडायचं तर छिद्र लहान करावं लागतं, मागे सरकावं लागतं, लेन्स आखूड घ्यावी लागते. तसं केलं की वाघ लहान दिसतो, आणि लहान वाघाला लाइक मिळत नाहीत. शिवाय जिप्सीतून उतरायचं नाही, रस्ता सोडायचा नाही (हे नियम योग्यच आहेत), म्हणजे कोन कायम वरून खाली. गवतातल्या चितळाला वाघ कसा दिसत असेल, तो कोन आपल्याला मिळतच नाही.

प्रत्यक्ष शिकार कॅमेऱ्यात येणं दुर्मीळच. 1960च्या दशकात कान्हात अभ्यास केलेल्या जॉर्ज शॅलरचा अंदाज असा की वाघाचे वीसेक प्रयत्न होतात तेव्हा कुठे एक साधतो. आणि तो साधला तरी बहुधा अंधारात, झुडपात. म्हणून ‘शिकारीचा फोटो’ म्हणून जे मिरवतं ते बव्हंशी शिकार झाल्यानंतरचं असतं. जुने शिकारी ज्याला ‘गारा’ म्हणत, त्या मारलेल्या जनावरावर बसलेला वाघ. दुर्मिळतेचा हा दबाव माणसाला कुठे नेतो याचं उदाहरण जगप्रसिद्ध आहे. 2009 च्या ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेत फाटकावरून झेपावणाऱ्या लांडग्याला पहिलं बक्षीस मिळालं. लांडगा बहुधा पाळीव आणि शिकवलेला असल्याचा निष्कर्ष निघाला, आणि बक्षीस काढून घेतलं गेलं. झेप खरी होती, फक्त भूक नव्हती.

आणि इथेच नागझिऱ्याबद्दल माझी तक्रार आहे. 1970 साली अभयारण्य झालं तेव्हा ते भंडारा जिल्ह्यात होतं. 1999 मध्ये गोंदिया वेगळा झाला आणि जंगलाचा मोठा भाग तिकडे गेला. साकोली तालुक्यातलं पिटेझरीचं फाटक मात्र भंडाऱ्यातच राहिलं. हे रान रानकुत्र्यांसाठी ओळखलं जातं. रानकुत्री दिवसाउजेडी, टोळीने, पाठलाग करून शिकार करतात. ज्या कलेचं दुखणं अंधार आणि आडोसा आहे, तिला यापेक्षा चांगली संधी कोणती? तरी होतं असं की टोळी रस्त्यावर आली की चालक दोन मिनिटं थांबतो आणि विचारतो, “साहेब, पुढे जाऊ का? तिकडे वांदर बोलून राहिला.” म्हणजे वाघाची शक्यता. आणि मीही मान हलवलेली आहे. रानकुत्र्यांच्या पाठलागावरची सलग छायाचित्रमाला इथून यायला हवी होती: टोळी कशी पसरते, सांबर पाण्यात उतरून उभं का राहतं, कोण दमतं, कोण वळून पाहतं. माझ्या पाहण्यात ती आलेली नाही.

माकडाच्या त्या ‘बोलण्या’चंही तसंच. शिकारीचं अर्धं नाट्य आवाजात असतं. झाडावरून वानराची खाकर, चितळाची तीक्ष्ण शीळ, आणि गाइड ज्याच्यावर सर्वांत जास्त भरवसा ठेवतात ती सांबराची एकच ढोंक. गाइड वाघ शोधतो तो भक्ष्याच्या तोंडून. छायाचित्रकार त्या तोंडाकडे पाहत नाही, ते ज्या दिशेला वळलंय तिकडे पाहतो. कान ताठ, मान उंच, अख्खा कळप एकाच दिशेला गोठलेला आणि वाघ चौकटीत नाहीच, असं छायाचित्र मला दहा हेड-ऑनपेक्षा मोलाचं वाटतं. उन्हाळ्यात पाणवठ्यावर, बुद्धपौर्णिमेच्या मचाणावर रात्र काढणाऱ्यांना हा ताण ठाऊक असतो. चितळ पाण्याला तोंड लावण्याआधी किती वेळा मागे फिरतं, हे ते मोजतात. छायाचित्रांत मात्र पाणी पिणारं चितळ ‘रिकामं’ समजून पुसून टाकलं जातं.

मराठी गद्याने ही चूक फारशी केली नाही. व्यंकटेश माडगूळकरांचं ‘नागझिरा’, नवेगावला वनाधिकारी राहिलेल्या मारुती चितमपल्लींचं लेखन, पुढे पिटेझरीलाच मुक्काम हलवणाऱ्या किरण पुरंदऱ्यांचं ‘सखा नागझिरा’: या मंडळींना वाघ दिसला नाही तरी दिवस वाया गेला असं वाटत नव्हतं. त्यांच्याकडे वेळ होता. सफारीच्या पाळीत तो नसतो, हेही खरं.

महाराष्ट्रात वेगळं काम झालेलं नाही असं नाही. नयन खानोलकरांचं मुंबईच्या आरे कॉलनीतल्या गल्लीतून जाणाऱ्या बिबट्याचं छायाचित्र 2016 मध्ये लांडग्याच्या फोटोवरून गाजलेल्या त्याच जागतिक स्पर्धेत शहरी विभागात पहिलं आलं. ते जागेवर लावून ठेवलेल्या कॅमेऱ्याने टिपलेलं होतं. त्यात बिबट्याइतकीच गल्ली महत्त्वाची आहे. ही रीत नवी नाही. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने हिमालयाच्या पायथ्याच्या जंगलांत वाटेवर तार लावली, जनावराच्याच पायाने चाप ओढला गेला, आणि 1927 मध्ये त्या छायाचित्रांचं पुस्तक निघालं. आज वनखाते व्याघ्रगणनेसाठी वाटेच्या दोन्ही बाजूंना कॅमेरे बांधतं, दोन्ही कुशींचे पट्टे मिळावेत म्हणून. त्या साठ्यात एकाच वाटेवरून आधी चितळं जातात, मागून केव्हातरी वाघ. दोन चौकटींमधलं ते अंतर म्हणजेच शिकार आहे. कोणीतरी ते शेजारी-शेजारी टांगावं. 20 मे 2023 ला ब्रम्हपुरीकडच्या दोन वाघिणी नागझिऱ्यात सोडल्या गेल्या. त्यांच्या आगमनाने त्या वाटांवरच्या चितळांच्या वेळा बदलल्या का, हे पाहायला छायाचित्रकाराएवढी योग्य माणसं कमी.

आणखी एक साठा आहे, तो कुठल्याच प्रदर्शनात येत नाही. गाय-बैल मारला गेला की जनावर जागेवरून हलवायचं नाही. वनरक्षक येतो, पंचनामा होतो, भरपाईच्या कागदांना जोडायला मोबाइलवर फोटो निघतात. गळ्यावरच्या दातखुणा, ओढत नेल्याची गवतातली वाट, मातीतलं पाऊल. सीटी-1 वाघाने वडसा, भंडारा आणि ब्रम्हपुरी भागांत मिळून 13 माणसं मारली आणि ऑक्टोबर 2022 मध्ये तो पकडला गेला, तेव्हा असे फोटो माणसांचेही निघाले असतील. ते कोणी पाहू नयेत. पण गुरांचे मी काही पाहिलेत. त्यांतल्या एकात धानाच्या बांधावर पडलेला गोऱ्हा आहे, आणि चौकटीच्या डाव्या कडेला धन्याचा फक्त पाय आला आहे, चिखलाने भरलेला, अनवाणी. फोटो काढणाऱ्याने तो पाय कापून टाकलेला नाही. वाघ त्यात कुठेच नाही.