'द रोड बॅक' : एका शिक्षकाचे वाचन

एरिख मारिया रेमार्क ह्या जर्मन लेखकाचे नाव निघाले की १९२९ साली पुस्तकरूपाने आलेली 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट' ही कादंबरी आठवते, आणि बोलणे बहुधा तेथेच थांबते. दोनच वर्षांनी, १९३१ मध्ये, त्याची 'द रोड बॅक' प्रसिद्ध झाली. तिला पहिलीची पुरवणी समजून बाजूस सारण्याची रीत पडून गेली आहे. ही रीत आम्हांस अन्यायाची वाटते. आम्हांस जर्मन येत नाही. व्हीन ह्यांच्या इंग्रजी भाषांतरावरच आमची सारी भिस्त आहे, हे प्रारंभीच सांगितलेले बरे.

युद्धाला स्वतःचा असा एक घाट असतो. हल्ला, माघार, मरण ह्यांतून कथानक आपोआप उभे राहते. परतलेल्या शिपायाच्या आयुष्याला मात्र घाट नसतो. सकाळी उठावे तर बिगूल नाही, आणि रात्री निजावे तर शेजारी सोबती नाहीत. अर्न्स्ट बिर्कहोल्त्स हा कथेचा निवेदक चुलत्याच्या घरी मेजवानीस जातो, आणि भुकेच्या भरात मांसाचा तुकडा हाताने उचलून खाऊ लागतो. सारी पंगत त्याच्याकडे पाहू लागते. चार वर्षांचा महासंग्राम आणि ते घर ह्यांतील अंतर ह्या एका प्रसंगात लेखकाने जेवढे दाखविले आहे, तेवढे पुढे तो पानेच्या पाने भाष्य करतो तेव्हाही दिसत नाही.

पण आम्ही ज्या प्रसंगासाठी हे टिपण लिहावयास घेतले तो शाळेतील आहे. अर्न्स्ट व त्याचे सोबती हे अध्यापन-विद्यालयाचे विद्यार्थी; शिक्षण अर्धवट टाकून ते लढाईवर गेलेले. परतल्यावर मुख्याध्यापक त्यांच्या स्वागताचे भाषण करतात. भाषण उत्तम आहे. त्यात मातृभूमी आहे, हौतात्म्य आहे, आणि पडलेले विद्यार्थी परभूमीतील गवताखाली शांत विसावले असल्याचे वर्णनही आहे. तोच विली होमायर हा दांडगा गडी मोठ्याने हसतो, आणि त्या विसावलेल्यांपैकी कोण कोठल्या खड्ड्यात, कोठल्या चिखलात, कसा मेला हे एकेकाचे नाव घेऊन सांगू लागतो. पहिल्या कादंबरीतील कांटोरेक मास्तर मुलांना सैन्यात भरती व्हावयास लावतो, आणि ह्या कादंबरीतील मुख्याध्यापक उरलेल्यांचे स्वागत करतो. दोघेही दुष्ट नाहीत. दोघांचीही भाषा शुद्ध, प्रौढ आणि पाठ केलेली आहे, आणि लेखकाचा खरा रोख ह्या भाषेवरच आहे.

हे वाचताना आम्ही अस्वस्थ झालो, कारण असली भाषणे गेली अनेक वर्षे आम्हीही करीत आलो आहोत. आमच्या शाळेत पूर्वी एक वृद्ध शिपाई होते. १९७१ च्या लढाईत ते पायदळात होते; निवृत्तीनंतर शाळेची घंटा देण्याचे काम त्यांच्याकडे आले. एका १६ डिसेंबरला विजयदिनाचे आमचे भाषण त्यांनी दाराशी उभे राहून ऐकले. मागाहून आम्ही विचारले, "कसे झाले, हवालदार?" ते म्हणाले, "बोललासा बरं, सर. पण पायांचं काय सांगितलं न्हाई." पायदळाच्या शिपायाची लढाई पुष्कळशी पायांनी चालते, हे आमच्या भाषणात कोठेच नव्हते. पुढे आम्ही त्यांना मुलांसमोर बोलावयास सांगितले, पण त्यांनी मान हलविली आणि तासाची घंटा देण्यास ते निघून गेले.

रेमार्कला ह्या गोष्टी ऐकून ठाऊक नव्हत्या. १८९८ मध्ये ओस्नाब्रुक येथे जन्मलेला हा मुलगा १९१६ च्या अखेरीस सैन्यात घेतला गेला आणि जुलै १९१७ मध्ये फ्लँडर्सच्या आघाडीवर जखमी झाला. युद्धानंतर काही काळ तो खेडेगावांतून शिक्षक होता. १९२० मध्ये त्याने तो पेशा सोडला. कादंबरीतील अर्न्स्टही गावच्या शाळेत लहान मुलांसमोर उभा राहतो, आणि आपणास येते ते केवळ मारणे, ते ह्यांना कसे शिकवावे, असा विचार मनात येऊन नोकरी सोडतो. लेखकाची सहानुभूती उघडच त्याच्याकडे आहे. आमची नाही. अर्न्स्टचे ते स्वगत हृद्य असले तरी थोडे नाटकी आहे. तोच हसणारा, कोंबडा चोरणारा विली मात्र मास्तर म्हणून टिकतो. आणि तो का टिकतो ह्याचा शोध लेखकाने घेतला असता, तर ही कादंबरी पहिलीहून मोठी झाली असती.

दोष आणखीही आहेत. लुडविगची आत्महत्या, आल्बर्टच्या हातून घडलेला खून, राहेचे जुन्या रणभूमीवर जाऊन स्वतःस गोळी घालून घेणे, अशी शोकांतांची रांगच उत्तरार्धात लागते. एका पलटणीवर इतके सारे कोसळणे अशक्य नव्हे. परंतु कादंबरीत ते मांडून ठेवल्यासारखे वाटते. उलट शेवटाकडे रानात लुटुपुटीची लढाई खेळणारी कोवळी मुले ह्या जुन्या शिपायांना भेटतात, तो प्रसंग १९३१ चा आहे हे ध्यानी घेतले म्हणजे अंगावर काटा येतो. दोन वर्षांनी, १० मे १९३३ रोजी, बर्लिनमध्ये जाळण्यात आलेल्या पुस्तकांत रेमार्कचीही होती.

असे पुस्तक मराठीत का नाही, हा प्रश्न बेळगावसारख्या गावी तरी टाळता येत नाही. मराठा पायदळाचे केंद्र १९२२ पासून येथे आहे. मराठा पलटणी मेसोपोटेमियात कुतच्या वेढ्यात अडकल्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजी तेथील सारे सैन्य शरण गेले. कैदेतून जे जगले ते कोकणात, देशावर परत आले. त्यांच्याही पंगती झाल्या असतील. पण जे गेले ते बहुतेक कुणब्यांचे मुलगे, आणि जे लिहीत होते ते बहुतेक आमच्यासारखे शाळा-कचेऱ्यांतले. रेमार्कच्या वर्गात हे दोघे एकाच बाकावर बसले होते. आमच्याकडे एक घंटेपाशी उभा राहिला आणि दुसरा व्यासपीठावर.

'द रोड बॅक'मधील त्या स्वागत-प्रसंगाची दहा-बारा पाने आम्ही यंदा मराठीत उतरवावयास घेतली आहेत. मुख्याध्यापकांचे भाषण एका बैठकीत झाले. विलीच्या उत्तरापाशी अडलो आहोत. त्याच्या तोंडी शोभेल असे मराठी आम्हांस हवालदारांकडूनच मिळाले असते.