संवादी नोटबुकमधील संदेशवहन : एक चिकित्सा

मुंबई विद्यापीठाच्या विज्ञानशाखेत प्रात्यक्षिकाच्या प्रमाणित जर्नलला पुराव्याचे मूल्य आहे. गिरगाव, दादर वा परळच्या महाविद्यालयातील परीक्षक जर्नलमधील आकडा पाहतो, तेव्हा तो शेजारी लिहिलेल्या कृतीतूनच आला असे गृहीत धरतो. जर्नलची जागा ज्युपिटर नोटबुक घेते, तेव्हा हे गृहीतक तपासणे क्रमप्राप्त ठरते.

फर्नांडो पेरेझ यांनी २००१ मध्ये आरंभिलेल्या आयपायथनने २०११ मध्ये गणना करणारा कर्नेल आणि वापरणाऱ्यासमोरील दर्शनी भाग यांची फारकत केली. २०१४ मध्ये यातूनच ज्युपिटर प्रकल्प उभा राहिला. कर्नेल आणि दर्शनी भाग यांच्यात ५ स्वतंत्र मार्गिकांवरून संदेशांची देवाणघेवाण होते. प्रत्येक उत्तरासोबत मूळ विनंतीचे शीर्षक परत येत असल्याने कोणते फलित कोणत्या विनंतीचे, याविषयी संदिग्धता उरत नाही. ही या रचनेची निर्विवाद जमेची बाजू होय.

सरकपट्टीसारख्या विजेटांबाबत प्रश्न अधिक बिकट होतो. विजेटाची एक प्रत कर्नेलमध्ये, दुसरी ब्राउझरमध्ये असते आणि दोहोंतील संदेशांना उत्तराची सक्ती नसते. शिवाय मूळ रचनेत हे संदेश कोड चालविण्याच्या विनंत्यांच्याच रांगेत उभे राहतात. दीर्घ गणना चालू असता पट्टी पडद्यावर सरकते, कर्नेलला मात्र त्याची वार्ता नसते. पुढे संदेशनियमांत आलेली ‘सबशेल’ची तरतूद ही कोंडी फोडू पाहते, तथापि मूळ दोष रांगेत नाही.

मूळ दोष जतन करण्याच्या क्षणी प्रकटतो. फाइलमध्ये कोड, फलित आणि क्रमांक उरतात. विनंती व उत्तर यांना जोडणारी संदेशांची ओळख गळून पडते. कोष्ठ चालवल्यानंतर त्यातील कोड बदलला आणि पुन्हा चालवला नाही, तर जुने फलित नव्या कोडखाली तसेच राहते. क्रमांकही बदलत नाही. कर्नेल बंद पडल्यावर जतन केलेली पट्टी हलते, खालचा आकडा मात्र ढळत नाही. परीक्षकासमोर येते ती हीच फाइल!

हा फाइलरचनेचा दोष आहे, संदेशनियमांचा नव्हे, असा आक्षेप घेता येईल. तो अंशतःच ग्राह्य आहे. कर्नेलला केवळ कोडचा मजकूर मिळतो; दस्तऐवजाचा सांभाळ मुख्यतः दर्शनी बाजूकडे सोपवलेला आहे. या अज्ञानामुळेच ज्युलिया, पायथन आणि आर या भिन्न भाषा एकाच पडद्यावर नांदू शकतात, हेही नाकारता येत नाही. परंतु त्याची किंमत अध्यापकाला मोजावी लागते : प्रत्येक विद्यार्थ्याच्या नोटबुकचा कर्नेल नव्याने सुरू करून सर्व कोष्ठे क्रमाने चालवल्याशिवाय जर्नलवर स्वाक्षरी करणे धोक्याचे आहे, आणि तेवढा वेळ प्रात्यक्षिक परीक्षेच्या वेळापत्रकातच धरावा लागेल.