साहेबाचे भूत आणि वैद्यांचे मौन

अक्कलकोटच्या भक्तनिवासात किंवा वटवृक्ष मंदिराच्या परिसरात रात्र काढून आलेला माणूस जे सांगतो त्याला तो ‘अनुभव’ म्हणतो. मध्यरात्री जाग आली, उशाशी कुणी उभे असल्याचे जाणवले, उदाचा वास आला, मग शांत झोप लागली, असा या कथनाचा साचा असतो. १८७८ साली देह ठेवलेल्या स्वामी समर्थांचे तेथील वास्तव्य संपलेलेच नाही, ही श्रद्धा त्याच्या मुळाशी असते. यातला उदाचा वास आणि शांत झोप तेवढी वगळून हाच साचा एखाद्या जुन्या हॉटेलच्या खोलीत नेऊन ठेवला, की आपण त्याला भुताटकी म्हणू लागतो. मृताचे सान्निध्य दोन्हीकडे सारखेच. बदलते ते नामकरण. मराठीने क्रियापदेही वेगळी राखली आहेत. एक सान्निध्य प्रचीती देते, दुसरे झपाटते. बाधा झालेल्यांना जिथे आणतात ते गाणगापूर अक्कलकोटहून फार दूर नाही. दत्तसंप्रदायाच्या एकाच भूगोलात बाधा आणि प्रचीती अशा शेजारी नांदतात. तेव्हा भुताच्या आख्यायिकेचा विचार ‘खरे की खोटे’ या प्रश्नापासून सुरू करणे समीक्षेच्या दृष्टीने व्यर्थ आहे. मेलेल्यांपैकी कोणाला भूत होण्याचा अधिकार मिळतो, हा खरा प्रश्न आहे.

नारायण धारप किंवा रत्नाकर मतकरी यांच्या गूढकथेचा विचार आपल्याकडे थोडाफार झाला. तोंडी फिरणारी आख्यायिका मात्र लोकसाहित्याच्या अभ्यासकांकडे सोपवून समीक्षक मोकळे झाले. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलची आख्यायिका या दृष्टीने वाचण्याजोगी आहे. ती सर्वश्रुत आहे. हॉटेलचा आराखडा करणारा इंग्रज वास्तुविशारद विलायतेहून परतला, त्याने पाहिले तो इमारत उलटी बांधलेली, तोंड शहराकडे आणि पाठ समुद्राकडे. त्या धक्क्याने त्याने वरून उडी घेतली आणि तेव्हापासून तो तिथे वावरतो.

आपल्या परंपरागत भूतसृष्टीत या भुताला जागा नाही. मुंजा पिंपळावर असतो, समंध पुरलेल्या धनाला धरून बसतो, चकवा रानात वाट चुकवतो. प्रत्येकाला झाड, धन, वाट असा आश्रय आहे आणि बहुतेकांच्या मागे अपुरी वासना आहे. हॉटेल हे कुणाचेच घर नव्हे. तिथे वासना अडकावी असे कुणाचे काही नसते. म्हणून हॉटेलचे भूत पाहुण्याचे न राहता इमारत घडवणाऱ्याचे होते. त्झ्वेतान तोदोरोव्हने अद्भुताचे जे मर्म सांगितले, म्हणजे नैसर्गिक आणि अतिनैसर्गिक स्पष्टीकरणांमधली वाचकाची दोलायमानता, ते या आख्यायिकेत नाहीच. ऐकणारा जराही घुटमळत नाही, कारण पुरावा त्याच्या डोळ्यांसमोर असतो : इमारतीची पाठ. ही भीतीची कथा नसून उत्पत्तिकथा आहे. भूत तिच्यात शेपटासारखे मागाहून आलेले आहे.

शिवाय ती ताजची स्वतःचीही नाही. ग्लासगोमधील १९०१ साली उघडलेल्या केल्विनग्रोव्ह कलादालनाविषयी हीच कथा सांगतात : उलटी बांधलेली इमारत आणि मनोऱ्यावरून उडी घेणारा वास्तुविशारद. ताज उघडले १६ डिसेंबर १९०३ रोजी. कथाबीज भटके आहे. समोर भव्य दर्शनी बाजू आणि दरवाजा भलतीकडे, एवढी सामग्री मिळाली की ते रुजते. ताजचे मूळ प्रवेशद्वार शहराच्या बाजूस होते ते चुकून नव्हे. घोडागाड्यांना शहराकडून येणे सोयीचे होते. पुढे ते बंद झाले आणि वहिवाट बंदराच्या बाजूने सुरू झाली. मूळ कारण विसरले गेले आणि त्या जागी आख्यायिका आली.

इथपर्यंत वाचन सोपे आहे. साहेबाची चूक, साहेबाची फजिती, म्हणून ही वसाहतीच्या रयतेने केलेली थट्टा आहे, असा अन्वयार्थ लावून कोणीही थांबेल. मला तो पुरेसा वाटत नाही, कारण थट्टेची किंमत साहेबाने मोजलेलीच नाही. ताजचे मूळ वास्तुविशारद रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा. व्हिक्टोरिया टर्मिनसच्या बांधकामात वैद्य हे एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सचे साहाय्यक होते. ताजचे काम पुरे होण्याआधीच ते वारले आणि डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रजाने ते तडीस नेले. आपल्याच लोकसमजुतीच्या न्यायाने पाहिले तर अपुऱ्या कामात जीव अडकून मेलेला माणूस एकच आहे, आणि तो वैद्य. आख्यायिकेने त्याचा मृत्यू घेतला, त्याचे अपुरेपण घेतले, आणि दोन्ही साहेबाच्या नावे जमा केले. इतक्या देखण्या इमारतीचा कर्ता इंग्रजच असणार हे तिने न विचारता गृहीत धरले आहे. इंग्रजाला हसणारी कथा त्यालाच कर्तेपण बहाल करते, आणि ती आपणच सांगत आलो आहोत.

आग्र्याच्या ताजमहालाच्या कारागिरांचे हात तोडल्याची दंतकथा या संदर्भात आठवते. तीही निराधार आहे. पण तिच्यात निदान कारागीर आहेत, त्यांना हात आहेत.

२६ नोव्हेंबर २००८ रोजी सुरू झालेल्या हल्ल्यात ताजमध्ये ३१ माणसे मारली गेली. भुताच्या गोष्टींना याहून सुपीक भूमी ती कोणती? तरीही ताजचे भूत म्हणून सांगितला जातो तो आजही उडी मारणारा साहेबच. त्या ३१ जणांची नावे हॉटेलात स्मारकावर लिहिलेली आहेत. अक्कलकोटला समाधी आहे, गोपाळबुवा केळकरांची बखर आहे, त्यामुळे तिथल्या सान्निध्याला भूत व्हावे लागत नाही. वैद्यांच्या वाट्याला मात्र ना लोकांच्या तोंडची गोष्ट आली, ना भूत होण्याचा मान. मार्गदर्शक पुस्तिकांतील एका वाक्यात, मिर्झांच्या शेजारी, तेवढे ते आढळतात.