उसना काळ, आपला दगड

गेल्या दिवाळीच्या सुटीत नातवाला मुंबई दाखवायला घेऊन निघालो. बेलापूरहून हार्बरची गाडी, पुढे बेस्टची बस, आणि कुलाब्याच्या टोकाला, नौदलाच्या वसाहतीजवळ, झाडीतून वर आलेला तो टोकदार मनोरा. सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट हे त्याचे कागदोपत्री नाव. मुंबईकर त्याला अफगाण चर्च म्हणतात. मान वर करून नातू बराच वेळ पाहत राहिला आणि मग त्याने विचारले, "आजोबा, हे आठशे वर्षांपूर्वीचं ना?"

मी हसलो आणि म्हणालो, "नाही रे, ही नक्कल आहे." त्याचा चेहरा पडला. घरी परतताना मात्र माझे मलाच वाटू लागले, की आपण फार घाईने निकाल दिला. तो निकाल तपासून पाहावा, एवढ्याचसाठी हा लेख.

नक्कल तर ती आहेच. १८४०च्या सुमारास इंग्लंडमध्ये काही धर्मनिष्ठ अभ्यासकांनी असे मत मांडले, की खरी ख्रिस्ती वास्तू मध्ययुगातलीच. ग्रीक खांब आणि रोमन घुमट हे परक्या देवांचे. तेराव्या शतकातील खेड्यापाड्यांतली देवळे त्यांना आदर्श वाटत. भाल्याच्या पात्यासारख्या अरुंद खिडक्या, उंच टोकदार कमानी, पूर्वेकडे वेदी आणि आकाशात चढत जाणारा मनोरा ही त्या घाटाची लक्षणे. हेन्री कॉनिबेअर या अभियंत्याने ती सारी कुलाब्याला उतरवली. ४ डिसेंबर १८४७ रोजी पायाभरणी झाली, ७ जानेवारी १८५८ रोजी वास्तूची प्रतिष्ठापना झाली, आणि मनोरा पुरा व्हायला १८६५ उजाडले. त्याची उंची १९८ फूट. त्या कामाला पैसे कमी पडले तेव्हा पारशी दानशूर कावसजी जहांगीर यांनीही देणगी दिली. आत लंडनच्या विल्यम बटरफील्डने रेखलेल्या फरश्या, आणि पूर्व-पश्चिमेला न्यूकॅसलच्या विल्यम वेल्सची रंगीत काचकामाची तावदाने.

आता टीकाकाराने आपले काम करावे. थंडीत ऊब धरून ठेवायला आणि मंद उजेडाच्या देशात योजलेल्या या खिडक्यांना कुलाब्याच्या घामाशी काय देणेघेणे? घाट इथल्या हवेने घडवलेला नाही, तो पुस्तकाने घडवलेला आहे. ज्याला खरे मध्ययुग पाहायचे असेल त्याने अंबरनाथला जावे. शिलाहार राजा माम्वाणीच्या काळातले १०६०चे ते शिवमंदिर जमिनीतूनच उगवल्यासारखे उभे आहे. त्याच्या कारागिरांनी कोणाचा काळ उसना घेतला नव्हता.

इतके म्हणून थांबणे सोपे होते. पण आत बसल्यावर माझे हे सारे तर्क जरा ढिले पडले. दगड विलायतेचा नाही. भिंतींचा पिवळसर दगड कुर्ल्याचा आणि नक्षीचा पोरबंदरचा. ज्या छिन्न्या त्यावर चालल्या त्या इथल्याच हातांतल्या. जाड भिंतींमुळे आत गारवा आहे, उंच छपरामुळे उष्ण हवा डोक्यावर राहते, आणि रंगीत काचांतून गाळून आलेला उजेड फरशीवर सांडतो तेव्हा बाहेरचे ऊन विसरायला होते. याच कॉनिबेअरने मुंबईला विहारचे पाणी आणून दिले. तो पुस्तकी भक्त नव्हता. दगड, पाणी आणि पाऊस यांचा हिशेब ठाऊक असलेला माणूस होता. जिथे आराखड्याला मुंबईपुढे वाकावे लागले, तिथे ही वास्तू जिवंत झाली. जिथे ती केवळ नमुन्याबरहुकूम राहिली, तिथे थंड वाटते.

आणि मग भिंतीवरची नावे. ही वास्तू सिंध आणि अफगाणिस्तानच्या मोहिमांत पडलेल्यांचे स्मारक आहे. १८४२च्या जानेवारीत काबूलहून माघार घेताना सुमारे ४,५०० सैनिक आणि १२,००० बाजारबुणगे यांची वाताहत झाली. त्यांत बहुसंख्य हिंदी होते. भिंतींवर नावे कोरली आहेत ती अधिकाऱ्यांची. सामान्य शिपाई फार झाले, म्हणून त्यांची नावे लिहिलेली नाहीत, असे ती भिंतच सांगते. या वास्तूतली सर्वांत मोठी उणीव ती हीच, आणि ती कोणत्याही शैलीची नाही. कमान टोकदार करता आली, मनोरा १९८ फूट चढवता आला. पण ज्यांच्यासाठी हे सारे उभे केले म्हणायचे, त्यांच्यातल्या बहुतेकांना दगडाचा वीतभर तुकडा मिळाला नाही.

१९७० साली अँग्लिकन पंथाची ही मालमत्ता चर्च ऑफ नॉर्थ इंडियाकडे आली. पुढे तिला पहिल्या श्रेणीची वारसा वास्तू म्हणून संरक्षण मिळाले. नकलेला संरक्षण कशाला, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे, की वास्तू जपायची ती केवळ तिच्या वयासाठी नव्हे. तिने खरे काय आणि खोटे काय सांगितले, हे दोन्ही पुढच्यांना वाचता यावे म्हणूनही.

हे मी नवी मुंबईत बसून लिहितो आहे. आमच्या नव्या इमारतींच्या दारांवर आज सिमेंटचे ग्रीक खांब लागतात. त्यांत ना आमचा दगड, ना आमचे ऊन. आणि त्याच बेलापुरात चार्ल्स कोरिया यांनी १९८३ ते ८६ या काळात अंगणाभोवती छोटी घरे बांधली, माणसाने आपल्या ऐपतीप्रमाणे वाढवत न्यावीत अशी. लोकांनी त्यांत इतके फेरफार केले, की मूळ घर कधी कधी ओळखू येत नाही. तरी मला ती अंबरनाथच्या गोत्रातली वाटतात. ती इथेच उगवली.

नातवाला मी दुसऱ्या दिवशी सांगितले, "नक्कल म्हणालो ते अर्धेच खरे होते. काळ उसना आहे, दगड आपला आहे." त्याने विचारले, "आणि शिपाई?" त्याला काय उत्तर द्यावे, ते अजून मला सुचलेले नाही. येत्या सुटीत पुन्हा जाऊ, एवढेच कबूल केले आहे.