आडनावाचे गाव

‘आपण मूळचे कुठले?’ हा प्रश्न आपल्याकडे पाण्याच्या तांब्याबरोबरच पाहुण्यापुढे येतो. पाहुण्याने आडनाव सांगितले की निम्मे उत्तर मिळाले, अशी आपली समजूत असते. या समजुतीवर मराठीत एक ग्रंथप्रकारच उभा राहिला आहे. आपटे, गोखले, बापट, लिमये अशा कितीतरी कुळांचे कुलवृत्तांत गेल्या शतकात छापले गेले. त्यांची गणना वाङ्मयात कोणी करीत नाही. मला मात्र ते वाङ्मय वाटते, आणि म्हणूनच त्यांच्याशी थोडे भांडावेसेही वाटते.

प्रथम त्यांचे गुण सांगितले पाहिजेत. हे ग्रंथ ज्यांनी सिद्ध केले, त्यांनी घरोघर पत्रे पाठवली, जुन्या सनदा आणि देवघरातील बाडे धुंडाळली, उत्तर न देणाऱ्या भाऊबंदांची मनधरणी केली. एवढे कष्ट करून हाती काय आले? जन्म, विवाह, मृत्यू आणि शेवटी एक शेरा. या शेऱ्यांतच सारा रस आहे. ‘निपुत्रिक’, ‘दत्तक गेला’, ‘परागंदा’! ‘परागंदा’ या एका शब्दात जेवढी कथा दडलेली असते, तेवढी मला तीनशे पानांत मांडता येईल की नाही, याची शंका वाटते. कुलवृत्तांतकार मात्र तो शब्द लिहून पुढच्या शाखेकडे वळतो. गेलेल्या माणसाच्या मागे जाण्याचे त्याला कारण वाटत नाही.

माझा मुख्य आक्षेप इथेच सुरू होतो. या ग्रंथांनी आडनाव हे बी मानले आहे. अमुक गावी ते पेरले गेले, तेथून वेल वाढला, असे चित्र ते रंगवतात. पण आपल्या आडनावांची घडण पाहिली तर प्रकार उलटाच दिसतो. आमच्या देवरुखाचेच पाहा. देवरुखात राहणारे सगळेच देवरुखचे. तेथे एखाद्याला देवरुखकर म्हणून हाक मारली तर कोणी ओ द्यायची? हे नाव लागायला माणसाला आधी गावाबाहेर पडावे लागते. परक्या मुलखात कोणी तरी विचारते, ‘हा कोण?’ आणि कोणी तरी सांगते, ‘तो देवरुखकर.’ देवरुखे ही एका ब्राह्मण ज्ञातीची संज्ञाही याच गावावरून आली. ‘कर’ हा प्रत्यय गावात राहिल्याची खूण नसून गाव सोडल्याची खूण आहे.

याची थोर उदाहरणे आपल्या समोर आहेत. डॉ. बाबासाहेबांचे कुळ सकपाळांचे आणि मूळ गाव याच रत्नागिरी जिल्ह्यातले, मंडणगड तालुक्यातले आंबडवे. त्यांचा जन्म १८९१ साली झाला तो दूर महूला. ७ नोव्हेंबर १९०० रोजी सातारच्या शाळेच्या पटावर नाव चढले ते ‘भिवा रामजी आंबेडकर’. आम्हा मास्तरांच्या हातून पटावर उतरलेली अक्षरे किती दूरवर जातात, पाहा! मास्टर दीनानाथांची गोष्टही अशीच. कुळ हर्डीकरांचे, मंगेशाला अभिषेक करणारे म्हणून घराण्याला अभिषेकी म्हणू लागले, आणि गोव्यातले मंगेशी सोडून नाटकमंडळीत आल्यावर दीनानाथ झाले मंगेशकर. एकाच घराची तीन नावे, आणि तिन्ही खरी. कधी कधी तर गावालाच माणसाचे आडनाव लागते. सावंतांवरून सावंतवाडी झाली, आणि त्या गावचा मनुष्य बाहेर पडला की सावंतवाडीकर! यात आधी काय, हे नुसत्या नावावरून कसे ठरवावे?

इंग्लंडात १८८१ सालच्या शिरगणतीतील आडनावे नकाशावर मांडून कोणते घराणे कुठले, याचा माग काढला गेला आहे. आपल्याकडे मतदारयाद्या घेऊन तसा नकाशा काढला तर? कुलकर्णी, देशपांडे, पाटील यांच्या ठिपक्यांतून वंश दिसणार नाहीत, जुनी वतने दिसतील. चिटणीस, फडणीस, सबनीस यांच्या ठिपक्यांतून दप्तरे दिसतील. नांदगावकर म्हणावे तर नांदगावे किती! नकाशा खोटे बोलणार नाही. पण आपण विचारले त्याहून निराळेच उत्तर देईल.

या नकाशाचे बळ आणि त्याची मर्यादा, दोन्ही एकाच ठिकाणी पाहायची तर बेने इस्राएलांकडे जावे. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, अशी त्यांची परंपरा सांगते. ही मंडळी कुलाब्याच्या गावोगाव तेलाचे घाणे चालवू लागली. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. किहीमकर, पेणकर, नवगावकर, आवासकर, झिराडकर: नुसती आडनावे ओळीने मांडली तरी हे लोक कोणकोणत्या गावी वसले होते ते उलगडते. त्यांचा इतिहास लिहिणारे हाईम सॅम्युएल किहीमकर हेही किहीमचेच. १८९७ साली लिहून झालेला त्यांचा ग्रंथ छापला गेला १९३७ साली, तोही तेल अवीवला. म्हणजे आडनावाने वस्ती बिनचूक सांगितली. पण गलबत कुठून आले? त्यावर ही आडनावे गप्प आहेत. मुंबईत १७९६ साली पहिले सिनेगॉग बांधणारे सॅम्युएल एझिकेल हे दिवेकर. आणि दिवेकर चित्पावनांतही आहेत. नकाशावर दोघांचा ठिपका एकाच रंगाचा पडेल. कुळे निराळी, देव निराळे. आडनाव मात्र सारखे. आडनावावरून माणसाला अस्सल किंवा उपरा ठरवणाऱ्यांनी या दिवेकरांपाशी जरा थांबावे.

आणखी एक हिशेब आहे. दहा पिढ्या मागे गेलो तर आईकडच्या आणि बापाकडच्या मिळून १०२४ पूर्वजांच्या जागा भरतात. आपले आडनाव त्यांतल्या एकाच पुरुषाचे. उरलेल्या १०२३ जागांवर जी माणसे होती, त्यांच्याविषयी ते एक अक्षर बोलत नाही. चांगल्या कुलवृत्तांतात सुनेच्या माहेरचे आडनाव आणि गाव दिलेले असते. पण ते नवऱ्याच्या नोंदीत, बारीक अक्षरांत. लेकीचे लग्न झाले की तिची ओळ तेथेच संपते. माझ्या मते या ग्रंथांतला खरा नकाशा त्या बारीक अक्षरांतच आहे. कोणत्या गावची लेक कोणत्या गावी नांदायला गेली, हे ठिपके जोडा. म्हणजे खाड्या ओलांडून गेलेल्या, घाट चढून गेलेल्या वाटा दिसू लागतील. आडनावाने झाकलेले कुळ तेथे उघडे पडते.

कुलवृत्तांत टाकून द्यावेत असे मी मुळीच म्हणत नाही. ज्यांच्या घरी ते आहेत त्यांनी ते जपावेत. शेऱ्याचा रकाना आधी वाचावा आणि वंशवृक्ष मागाहून उलगडावा. ज्यांच्या घरी सनद नाही, बाड नाही, ज्यांची कुळे कोणी छापली नाहीत, आणि अशी घरेच अधिक आहेत, त्यांनीही हळहळू नये. दिवाळीला सारे घर एकत्र जमते. फराळ झाल्यावर आजीला तिचे माहेर विचारावे. मग तिच्या आईचे माहेर, आणि आठवेल तर त्याच्याही मागचे. तीन गावे सहज निघतील, आणि त्यांतले एकही आपल्या आडनावात नसेल. ती वहीत लिहून ठेवावीत. कुलवृत्तांतकारांनी जी ओळ अर्ध्यावर सोडली, ती तेथून पुढे चालू होईल.