‘गँग्ज ऑफ न्यूयॉर्क’ : बखर कीं दफ्तर ?

न्यूयॉर्कच्या फाइव्ह पॉइंट्स वस्तींतील आयरिश टोळ्यांविषयीं हर्बर्ट अ‍ॅस्बरीकृत ‘गँग्ज ऑफ न्यूयॉर्क’ (१९२८) हाच मूळ आधार समजण्याची चाल पडली आहे. आमच्या मतें ही बखर होय, दफ्तर नव्हे.

‘ओल्ड ब्रूअरी’ या भट्टीच्या जुन्या इमारतींत सुमारें पंधरा वर्षें सरासरीनें रोज रात्रीं एक खून पडे, असें ग्रंथकार सांगतो. हिशेबानें हे खून साडेपांच हजारांच्या घरांत जातात! एवढीं प्रेतें गेलीं कोठें? वक्ता अज्ञात असलेल्या अशा परंपरेस नैयायिक ऐतिह्य म्हणतात व तिला स्वतंत्र प्रमाण मानीत नाहींत. बखरींतील लाखांच्या फौजांस हंसणाऱ्या आमच्या वाचकांनीं येथेंच कां गंभीर व्हावें?

‘डेड रॅबिट्स’ टोळीचें प्रकरण अधिक नाजूक आहे. ४ जुलै १८५७ चा दंगा तिच्याच नांवावर मोडतो. परंतु त्याच महिन्यांत ‘न्यूयॉर्क टाइम्स’नें त्या मंडळींचा खुलासा छापला होता, कीं आम्ही दंग्यांत नव्हतों, लढले ते रोच गार्ड व अटलांटिक गार्ड. खुलासा आरोपींचा, म्हणून तो पारखून घ्यावा हें खरें. पण समकालीन कागद डावलणें अक्षम्य. टायलर अ‍ॅनबाइंडर यांनीं ‘फाइव्ह पॉइंट्स’ (२००१) ग्रंथांत या नांवाच्या टोळीच्या अस्तित्वाविषयींच शंका घेतली आहे.

टोळ्या नव्हत्याच असें नव्हे. १८४५ पासूनच्या दुष्काळानें आयरिश लोंढे आले, टॅमनी हॉलच्या पुढाऱ्यांस निवडणुकींत दांडगे हवे होते, आणि १८५७ च्या उन्हाळ्यांत शहराचीं दोन पोलिसदलें आपसांतच झगडत होतीं. अ‍ॅनबाइंडर यांनीं एमिग्रंट सेव्हिंग्ज बँकेच्या वह्याहि चाळल्या. त्यांत याच बदनाम गल्ल्यांतील मजुरांच्या ठेवी नोंदलेल्या आहेत.